प्रस्तावना: हिरा कुणाला लाभला?

आपल्याकडे रत्न नुसते विकत घेऊन भागत नाही, ते लाभावे लागते. नीलम आधी दोन-चार रात्री उशाखाली ठेवून पाहायचा आणि वाईट स्वप्न पडले तर मुकाट्याने सराफाला परत करायचा, ही रीत आजही अनेक घरांना ठाऊक आहे. प्रसिद्ध रत्नांच्या मालकीचा इतिहास वाचायला येणारे बहुतेक वाचक याच दारातून येतात. त्यांनी संकोच करू नये. दार चांगलेच आहे, फक्त उंबऱ्यावर थांबू नये.

निफाड तालुक्यातून वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. परंपरा सांगते, तिथल्या शिवाच्या अंगावर एक मोठा हिरा होता. जग त्याला 'नासक' म्हणते. नाशिकचे नाव इंग्रजी कागदांत तसे उतरले. देवळापासून पेशव्यांपर्यंतचा त्याचा प्रवास परंपरेवर उभा आहे. पुढचा मात्र कागदावर सापडतो. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. हिरा कर्नल ब्रिग्जच्या हाती आला, तेथून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि मग लंडनला गेला. १८३७ च्या लिलावात त्याला ७,२०० पौंड आले. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या उमराव घराण्याच्या तलवारीच्या मुठीत बसला.

या विषयातला पहिला धडा वजनाचा. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी पैलू नव्याने पाडले, तेव्हा सुमारे ९० कॅरटचा हिरा जुन्या पुस्तकांत ७८⅝ कॅरटचा झाला. नव्या पुस्तकांत तोच ८०.५९ कॅरटचा दिसतो. हिरा वाढला नाही, कॅरट बदलला: जुना इंग्रजी कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा, आताचा २०० मिलिग्रॅमचा. एवढे ध्यानात न घेतल्यामुळे एका रत्नाची दोन रत्ने होतात आणि भलत्याच मालकाच्या पदरात पडतात. पुढे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने हिरा पुन्हा घासवून ४३.३८ कॅरटवर आणला. जवळजवळ निम्मा हिरा भुकटी होऊन गेला, नाव मात्र तेच राहिले.

दुसरा धडा नावाचाच. १९२० च्या दशकात मोबुसाँ या पॅरिसच्या जवाहिऱ्यामार्फत हिरा अमेरिकेत पोचला आणि जकातीचा वाद न्यायालयात गेला: ही करमुक्त कलात्मक पुराणवस्तू, की पैलू पाडलेला इतर कोणताही हिरा? देवाचा अलंकार, युद्धातली लूट, लिलावाचा माल, तलवारीची शोभा आणि शेवटी जकातीची बाब. दगड एकच, पण ज्याच्या हाती गेला त्याने त्याला आपले नाव दिले.

मग शापाचे काय? होप हिऱ्याच्या दंतकथेत ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याला कुत्र्यांनी फाडून खाल्ले. प्रत्यक्षात तो १६८९ मध्ये मॉस्कोत वारला, ऐंशी उलटल्यावर. हॅरी विन्स्टननेच १९५८ मध्ये होप हिरा साध्या रजिस्टर टपालाने स्मिथसोनियन संग्रहालयाला पाठवला. कोहिनूरमागे तर शापाची गरजच नाही. १८४९ च्या लाहोर तहात त्याच्यासाठी स्वतंत्र कलम आहे, आणि ज्याच्या नावाने तो तह झाला तो दुलीपसिंह दहा वर्षांचा होता.

माझे मत स्पष्ट आहे. शाप ही मालकीच्या इतिहासातली सर्वांत सोयीची गोष्ट आहे. 'हिरा लाभला नाही' म्हटले की तो कुणी कुणाकडून कसा घेतला, हे विचारायचे राहून जाते. पण शापाची कथा फेकून देऊ नका. ती कधी सुरू झाली आणि कुणी सांगितली, हे तपासा. तीही पुराव्यातच मोडते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये याच निफाडात झाला. नासक हातचा गेल्याला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती, आणि मराठ्यांच्या उदयाचा इतिहास पुढे त्यांनीच लिहिला. न्यायाधीश साक्षीदाराचे ऐकतो, पण कागदही मागतो. या विषयात येणाऱ्याने एवढी शिस्त सोबत आणावी.

आणि एक विनंती. घरच्या ट्रंकेत सराफाची जुनी पावती, गहाणखत किंवा दागिन्यांच्या वाटणीची यादी असेल, तर ती रद्दीत घालू नका. मोठ्या हिऱ्यांचा इतिहास अशाच कागदांनी जोडला गेला आहे.

निफाड