दोनदा विकलेले टपाल

पत्राच्या कोपऱ्यावर डकवलेले तिकीट ही वस्तू इतकी क्षुल्लक की, पाकीट फोडताना आपण तिच्याकडे पाहतही नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने विचार केला तर हे तिकीट म्हणजे एक करारपत्रच आहे. हशील आगाऊ मिळाले. आता मुक्काम जवळचा असो वा दूरचा, हे पत्र तेथे पोहोचते करणे हे आमचे उत्तरदायित्व, असे वचन राज्य त्या चिमुकल्या कागदावर देत असते. वचन देणारे राज्यच आपले टपालखाते खाजगी भांडवलदारांना विकून टाकील, तर त्या तिकिटाचे आणि त्या हशिलाचे काय होते? गेल्या काही दशकांत युरोपातील अनेक देशांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यांपैकी पोर्तुगालचे उदाहरण आम्ही येथे मुख्यत्वेकरून घेत आहोत. १९६१ पर्यंत गोमंतकातील टपालतिकिटे त्याच राज्याच्या नावाने निघत होती, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, पोर्तुगालने आपले टपाल एकदा नव्हे, दोनदा विकले आहे.

पहिली विक्री १६०६ सालची. राजा पहिला मानुएल याने १५२० मध्ये ‘कुर्रेयु-मोर’, म्हणजे मुख्य टपालाधिकारी, हे पद निर्माण केले होते. पुढे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या मस्तकी आला आणि तिसऱ्या फिलिपने हे पद लुईश गोमिश द माता नावाच्या धनिकाला सत्तर हजार क्रुझादांना विकले. आपल्याकडील देशमुखी-देशपांडेपणाच्या वतनांची ज्यांना माहिती आहे, त्यांना या व्यवहाराचे स्वरूप वेगळे समजावून सांगावयास नको. पद बापाकडून मुलाकडे जाई आणि पदाबरोबर त्याचे उत्पन्नही जाई. एकाच घराण्याने १९१ वर्षे हे वतन उपभोगले. अखेर १७९७ मध्ये, राणी पहिल्या मारियेच्या कारकिर्दीत, राजसत्तेने ते परत घेतले आणि घराण्याच्या तत्कालीन प्रमुखाला मोबदल्यादाखल नेमणूक व पेनाफिएलचा काउंट हा किताब दिला. देतेवेळी राजा आणि वतनदार, घेतेवेळीही राजा आणि वतनदार! ज्याच्या खिशातून हशील निघत होते, तो पत्र पाठविणारा सामान्य मनुष्य या व्यवहारात पक्षकार म्हणून कोठेच नव्हता.

त्याला पक्षकार केले ते तिकिटाने. इंग्लंडात रोलंड हिल याच्या प्रयत्नाने १८४० मध्ये समान हशिलाचे तत्त्व रूढ झाले. तत्पूर्वी पत्राचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. नव्या व्यवस्थेत अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. पोर्तुगालात १ जुलै १८५३ रोजी राणी दुसऱ्या मारियेच्या मुद्रेची तिकिटे निघाली. हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा पुरेसा ठरला. गोमंतकात १ ऑक्टोबर १८७१ रोजी पहिली तिकिटे आली. ती गोव्यातच तयार केलेली, अगदी साध्या घडणीची होती. दूरच्या खेड्याला पत्र नेण्याचा अधिक खर्च शहरातील दाट टपालाच्या उत्पन्नातून भागवावा, हे या व्यवस्थेचे खरे हृद्गत होते. श्रीमंत यात्रेकरूच्या अभिषेकाच्या देणगीतून गरिबाच्या पानावरचा महाप्रसाद वाढला जावा, तशातलाच हा प्रकार.

तिकीट काढण्यास राज्यच लागते असे मात्र इतिहास म्हणत नाही. जर्मन संस्थानांतून शतकानुशतके टपाल चालविणाऱ्या टुर्न उंड टाक्सिस या खाजगी घराण्याने १८५२ पासून स्वतःची तिकिटे काढली होती, आणि १८६७ मध्ये प्रशियाने तीस लाख थालर मोजून तो कारभार आपल्याकडे घेईपर्यंत ती चालली. तेव्हा खाजगी हाती टपाल गेले की तिकीट नष्ट होते, ही भीती निराधार आहे. प्रश्न तिकिटाच्या कागदाचा नाही, त्यामागच्या वचनाचा आहे.

आता दुसऱ्या विक्रीकडे वळू. २०११ मध्ये पोर्तुगाल कर्जाच्या गर्तेत सापडला आणि ७८ अब्ज युरोच्या साहाय्याच्या मोबदल्यात ज्या सरकारी संस्था विकण्याचे त्याने मान्य केले, त्यांत टपालसंस्थाही होती. डिसेंबर २०१३ मध्ये तिच्या भागांपैकी बहुसंख्य भाग बाजारात विकले गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये उरलेलेही गेले. या वेळी मात्र विक्रीपूर्वीच, २०१२ मध्ये, कायदा झाला होता. त्या कायद्याने टपालाचा बाजार सर्वांना खुला केला; पण तीन गोष्टी राखून ठेवल्या: रस्त्यावर पत्रपेट्या बसविणे, ‘पोर्तुगाल’ हे नाव असलेली तिकिटे काढणे व विकणे, आणि न्यायालयीन व प्रशासकीय कामातील नोंदणीकृत टपाल. आमच्यासारख्या वकिलाला या तिहींची निवड मोठी मार्मिक वाटते. पेटी ही प्रजेची सोय, तिकीट ही राज्याची मुद्रा, आणि नोटिशीची नोंदणी हा न्यायाचा पुरावा. ही कामे वाटेल त्या व्यापाऱ्याच्या हाती देऊ नयेत, हे १६०६ मध्ये कोणाला सुचले नव्हते. जर्मनीने तर याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील टपालसंस्थेचे भाग २००० मध्ये बाजारात आले. तिकिटे काढण्याचा अधिकार मात्र संघराज्याच्या अर्थमंत्रालयाने स्वतःकडेच ठेवला.

तथापि कायद्याच्या जाळ्यातूनही बरेच काही निसटते. पोर्तुगालच्या कंपनीने २०१८ च्या आरंभी बावीस टपालकचेऱ्या बंद करण्याचे जाहीर केले, आणि काही काळ अशी स्थिती आली की देशातील ३०८ नगरपालिका-क्षेत्रांपैकी ३३ क्षेत्रांत कंपनीची स्वतःची एकही कचेरी उरली नाही. दुकानदारांच्या गल्ल्यावर टपालाचे काम सोपविले गेले. लोकांनी व नगरपालिकांनी ओरड केली, तेव्हा बंद झालेल्या कचेऱ्या पुन्हा उघडण्याचे धोरण कंपनीला स्वीकारावे लागले. तिकीट तेच, त्यावरचे नाव तेच. पण ते विकत घेण्यासाठी म्हाताऱ्या माणसाने किती चालावे, हे तिकिटावर लिहिलेले नसते.

हशिलाचे काय झाले, हे पाहण्यास ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तेथील रॉयल मेलचे भाग ऑक्टोबर २०१३ मध्ये विकले गेले. त्या वेळी पहिल्या वर्गाच्या पत्राचे तिकीट साठ पेन्सचे होते. एप्रिल २०२५ मध्ये ते एक पौंड सत्तर पेन्सचे झाले. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर नियामकाने कमाल मर्यादा घातल्यामुळे ते सत्त्याऐंशी पेन्सवर थांबले. मात्र त्या वर्गाची पत्रे जुलै २०२५ पासून शनिवारी मुळीच नाहीत आणि इतर वारी एक दिवसाआड वाटली जावीत, अशी मुभा कंपनीस मिळाली. नेहमीच्या वापराच्या तिकिटांवर कंपनीने यंत्राने वाचावयाची खूण छापली, आणि तशी खूण नसलेल्या जुन्या तिकिटांची मुदत २०२३ मध्ये संपविली. ती बदलून देण्याची सोय ठेवली, हे खरे. परंतु एकदा घेतलेले वचन कायमचे, ही भावना ढळली ती ढळलीच. गोमंतकात २९ डिसेंबर १९६१ पासून भारतीय तिकिटे चालू झाली, तेव्हाही जुनी तिकिटे ५ जानेवारी १९६२ पर्यंत स्वीकारली गेली होती. तेथे राज्यच पालटले होते. येथे राज्य तेच आणि मालक निराळा, एवढाच भेद.

पण न्यायासनापुढे दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. ब्रिटनमधील तिकीट शेहेचाळीस पेन्सवरून साठ पेन्सवर गेले ते एप्रिल २०१२ मध्ये, म्हणजे टपाल सरकारी मालकीचे असतानाच. शिवाय वर्षाकाठी सुमारे वीस अब्ज असलेली पत्रे वीस वर्षांत सात अब्जांच्याही खाली आली. पत्रे घटली तरी पोस्टमनची फेरी तेवढीच राहते, तेव्हा प्रत्येक पत्रावरचा भार वाढणारच. याहून मोठा धडा डेन्मार्कचा आहे. तेथील टपालसंस्था विकली गेली नाही. ती स्वीडन व डेन्मार्क या दोन सरकारांच्याच मालकीची आहे. पण २०२४ च्या कायद्याने सर्वत्र पत्र पोहोचविण्याचे बंधन काढून घेतले, आणि १६२४ पासून चालत आलेले डॅनिश राज्याचे पत्रवाटप ३० डिसेंबर २०२५ रोजी बंद झाले. मालक सरकार होते. पण बंधन गेले तसे टपालही गेले.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, मालकी कोणाची हा प्रश्न दुय्यम असून बंधन कोणते हा मुख्य आहे. देवस्थानाच्या जमिनींचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे तत्त्व परके नाही. सेवेसाठी दिलेली जमीन कसणारा बदलतो, पिढ्या बदलतात; पण दिवाबत्तीची सेवा जमिनीला चिकटलेली असते आणि जो जमीन घेईल त्याच्यामागे ती जाते. टपाल विकावयाचेच असेल तर अशा सेवेच्या भारासह विकावे. आणि न विकता ठेवावयाचे असेल तरीही तो भार कागदोपत्री असावा.

भारताचे टपाल आजही सरकारी खातेच आहे. परंतु २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला, आणि १८९८ च्या कायद्यातील पत्रे वाहून नेण्याचा सरकारचा एकाधिकार त्यात उरला नाही. तिकिटे काढण्याचा तेवढा उरला. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने नोंदणी टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, आणि स्पीड पोस्टचे हशील गावातल्या गावात निराळे व परगावी निराळे आहे. साध्या पत्राला फोंड्याहून मडगावला जे तिकीट लागते तेच ग्वाल्हेरला लागते. नोंदून पाठवावयाच्या पत्राचे आता तसे राहिले नाही. १८५४ मध्ये दाराबाहेर काढलेले अंतर, कोणतीही विक्री न होता, मागच्या दाराने घरात आले आहे.

मुंबई, बेळगाव, कारवार येथे पांगलेल्या कुळाव्यांना जत्रेची आमंत्रणे आणि अंगारा-प्रसादाची पाकिटे टपालानेच जात आली आहेत. कुलदेवतेपासून जो जितका दूर, त्याला हे पाकीट तितके मोलाचे. दूरच्याला अधिक दाम पडू नये, हा त्या तिकिटाचा मूळ धर्म. तो टिकविण्याचे काम तिकिटावरील चित्राचे नाही, कायद्यातील शब्दांचे आहे. आणि ते शब्द वगळले जात असताना वाचणारे डोळे जागे हवेत.