माफीचा साक्षीदार

गुन्ह्यात जो स्वतः सामील होता, त्याच्याच शब्दावर दुसऱ्याला दोषी ठरवावे काय? कटाची आतली हकीकत आतल्यालाच ठाऊक असते, म्हणून त्याचे ऐकावे लागते. पण माफीच्या मोबदल्यात बोलणारा मनुष्य आपला दोष झाकील आणि वैऱ्याला गोवील, ही भीतीही तितकीच खरी.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने दोन्ही बाजू जमेस धरल्या. केवळ सहअपराध्याच्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा नव्हे, असे कलम १३३ सांगे. महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज असा साक्षीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायालयाने गृहीत धरावयास हरकत नाही, असा इशारा कलम ११४ देई.

या नियमाची कसोटी १९४८ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात लागली. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांना त्याची साक्ष खरी वाटली. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांच्याविरुद्ध तिला मरीना हॉटेलातील वास्तव्याचा आणि टॅक्सीचालकाने पटविलेल्या ओळखीचा आधार मिळाला. वि. दा. सावरकरांची गोष्ट निराळी होती. दादरच्या सावरकर सदनातून निघताना त्यांनी गोडसे-आपटे यांना यशस्वी होऊन परत येण्यास सांगितले, असे बडगे म्हणाला. हे दोघे त्या घरापाशी उतरल्याचे एका अभिनेत्रीने सांगितले. परंतु त्यावरून ते दारापर्यंत गेले एवढेच दिसे, आत काय बोलणे झाले ते नव्हे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले.

पुढे कपूर आयोगाने, न्यायालयापुढे न आलेले जबाब पाहून, १९६९ साली सावरकरांविरुद्ध निष्कर्ष नोंदविला. त्यावरून आजही वाद होतो. तथापि न्यायाधीशाला समोर आलेल्या पुराव्यावरच निर्णय द्यावा लागतो. साक्षीदार खरा वाटणे आणि आरोप सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या वेळी पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत पोर्तुगीज कायदा चालत होता. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय पुराव्याचा कायदा तेरेखोल ओलांडून गोमंतकात आला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून, त्याच्या कलम १३८ मध्ये आता पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच स्पष्ट उल्लेख आहे. जो पूर्वी इशारा होता, तो कलमाच्या शब्दांत उतरला.

जेथे बांधावरून आणि वाटणीवरून घराघरांत वैर धुमसते, अशा खेड्यात या एका शब्दाचे मोल मोठे आहे. अपराधी सुटू नये म्हणून सहअपराध्याला बोलू द्यावे. निरपराध शेजारी बुडू नये म्हणून त्याचा प्रत्येक शब्द दुसऱ्या पुराव्यावर घासून पाहावा.