आधी पाणी, मग मासे

ऑफिसातल्या एका मित्राला घरात समुद्र हवा होता. शुक्रवारी काचेचा टँक आला, शनिवारी पाण्यात मीठ कालवलं, रविवारी दोन क्लाऊनफिश सोडले. पुढच्या रविवारी टँक रिकामा! दुकानदार म्हणाला, "साहेब, हे मासे नाजूकच असतात." पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत होतं.

मलाही तसाच टँक हवा होता. म्हणून पाकीट खिशातच ठेवलं आणि वाचायला बसलो. शोधत होतो फिल्टर आणि दिवे, सापडली एकोणिसाव्या शतकातली माणसं. मित्राचे मासे का मेले याचं उत्तरही तिथेच सापडलं.

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. तिथे त्यांना खडकावरची जिवंत प्रवाळं दिसली आणि त्या हरखून गेल्या. दगडी बरणीत घालून त्यांनी ती थेट लंडनला आणली. प्रवासात आपटू नयेत म्हणून सुई-दोऱ्याने स्पंजला टाचून! लंडनला समुद्र नाही, तेव्हा पाणी जिवंत ठेवायचं कसं? बाईंची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. आपण चहा गार करतो तसं. आजच्या टँकमधला एअरपंप दुसरं काय करतो? पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही घातल्या, आणि ती प्रवाळं तीन वर्षं जगली. इतिहासात नाव बाईंचं राहिलं, ओतणाऱ्या हातांचं नाही. असो.

त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले होते. १८४९ मध्ये त्यांनी पाण्याच्या एका भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडणार, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देणार. हिशोब चोख. पण वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी हिरवट, गढूळ झालं. मग त्यांनी पाण्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि गाडी रुळावर आली. १८५० मध्ये त्यांनी हे सगळं लिहून जाहीर केलं. पुढे खाऱ्या पाण्यावरही हेच प्रयोग केले.

ही कल्पना घराघरात नेली ती फिलिप हेन्री गॉस यांनी. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, त्यासाठी पुष्कळसे समुद्री जीव त्यांनी स्वतः किनाऱ्यावर फिरून जमवले होते. १८५४ मध्ये त्यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्याच वर्षी त्यांनी समुद्राच्या पाण्याच्या पृथक्करणावरून चार क्षार मोजून कृत्रिम समुद्रजल बनवलं. म्हणजे मित्राने शनिवारी जे मीठ कालवलं, त्याचे आजोबाच. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. मग काय, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात समुद्रफुलं दिसायला लागली.

आणि मरायलाही लागली. लोक हौसेने टँक भरत, काही दिवसांत पाण्याला वास सुटे आणि सगळं फेकून द्यावं लागे. १८६० च्या दशकात ही लाट ओसरली.

चूक कुठे होती? वॉरिंग्टन यांचा हिशोब खोटा नव्हता, अपुरा होता. त्यांनी मोजला तो श्वास. पण मासा नुसता श्वास घेत नाही, खातो आणि घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो. तो दिसत नाही, पण माशांसाठी विष असतो. गढूळ पाणी दिसलं म्हणून गोगलगाई सुचल्या, अमोनियाचं तसं नाही. वॉरिंग्टन यांच्या टँकमध्ये मासे दोनच आणि तळाशी वाळू-दगड. तिथे अमोनिया संपवणारं कोणीतरी काम करत होतं, आणि त्याचा पत्ता मालकालाही नव्हता.

तो पत्ता लागला फ्रान्समध्ये, आणि तोही सांडपाण्यात. १८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युन्ट्स या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. पहिले सुमारे २० दिवस काहीही झालं नाही. अमोनिया जेवढा आत, तेवढाच बाहेर. मग अचानक त्याचं नायट्रेट व्हायला लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडला तर प्रक्रिया थांबली. म्हणजे हे काम रसायनाचं नव्हे, वाळूवर वस्ती केलेल्या जिवांचं!

ही बातमी ऐकून इंग्लंडमध्ये जो माणूस कामाला लागला, त्याचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टन यांचा मुलगा. रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्याने पुढची कित्येक वर्षं याच कामात घालवली आणि दाखवून दिलं की हे दोन टप्प्यांत होतं. एक जातीचे जीव अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी ते जीवाणू वेगळे करून दाखवले. मुलगा शोधत होता शेतातल्या मातीचं गुपित, पण वडिलांच्या टँकमधला न दिसणारा भागीदार तोच होता.

आता मित्राचा टँक पाहा. नवी काच, नवी वाळू, नवं मीठ. जीवाणूंची वस्ती शून्य. त्या नळीला लागले तसे दिवस टँकलाही लागतात. साधारण चार ते सहा आठवडे. तेवढे दिवस मासे न घालता थोडा अमोनिया पुरवायचा आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले की मगच पहिला मासा, आणि तोही एकच. मित्राने दोन दिवस दिले. आपण कोड टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकतो तेव्हा निदान कोणी मरत नाही.

वाचायला बसलो नसतो तर आणखी एक गोष्ट कळली नसती. प्रवाळ आणि त्याच्या सांगाड्यांचा 'लाइव्ह रॉक' हा परदेशातल्या रीफ टँकचा कणा. आपल्याकडे खडक बांधणारी सगळी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत, २००१ मध्ये त्यांना पहिल्या परिशिष्टात घातलं. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. "साहेब, मागच्या खोलीत आहे" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरायचं.

हा कायदा जाचक वाटला तर गॉस यांच्या मुलाची साक्ष काढावी. एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये 'फादर अँड सन' या आत्मकथनात लिहून ठेवलंय की वडिलांसोबत लहानपणी पाहिलेली खडकांमधली ती भरलेली डबकी पुढे उजाड झाली. वडिलांची पुस्तकं वाचून आलेल्या हौशी लोकांनीच ती ओरबाडली, आणि त्याचं दुःख वडिलांनाही होतं.

तर मंडळी, माझा टँक सध्या असा आहे: वाळू, साधे सिरॅमिकचे दगड, ३५ ग्रॅम प्रति लिटर खारं पाणी, आणि मासे शून्य. पाचवा आठवडा चालू आहे. पाहुणे विचारतात, "यात काहीच नाही?" मी म्हणतो, आहे ना. दिसत नाही एवढंच.