खानदेशातील फारुकी कोरीवकाम आणि बऱ्हाणपूरचा संस्कृत लेख

भुसावळ हे तापीकाठच्या दोन फारुकी राजधान्यांच्या मध्ये वसलेले आहे. नदीने खाली गेल्यास धुळे जिल्ह्यातील थाळनेर, वर गेल्यास बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात मोडत असले, तरी खानदेशच्या इतिहासातून ते वगळता यावयाचे नाही.

थाळनेरच्या कबरींच्या समूहात एक अष्टकोनी वास्तू असून कोरीवकामाची श्रीमंती मुख्यतः तिच्यात दिसून येते. या प्रदेशाचा दगड काळा व कठीण. अहमदाबादेस सिदी सय्यद मशिदीची जाळी (इ. स. १५७२-७३) घडविणाऱ्यांच्या हाती मऊ वालुकाश्म होता. तथापि दगडाच्या काठिण्यानेच सर्व ठरते, असे मानणे युक्त नव्हे. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात काळ्या दगडातूनच अक्षरांच्या जाळ्या काढलेल्या आहेत.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीस घुमट नाही. पंधरा कमानींचे दर्शनी अंग व दोन उंच मिनार एवढाच तिचा बाह्य थाट. तिचे खरे वैशिष्ट्य आतील कोरीव अक्षरांत आहे. अरबी लेखाबरोबर तेथे संस्कृत लेखही आहे. जगत्कर्त्यास वंदन करून तो फारुकी राजांची वंशावळ देतो आणि आदिलशाहाने (राजा अली खान) ही मशीद बांधविल्याचे सांगतो. अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष आहे. संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष मास. हा पौष इ. स. १५९० च्या जानेवारीत येतो, व तोवर हिजरी ९९८ लागलेले होते. तेव्हा संस्कृत लेख मागाहून कोरला गेला असावा, असा आमचा तर्क आहे.

मशिदींतील कमळे, साखळ्या व घंटा पाहून ‘कारागीर हिंदू होते’ एवढे म्हणून थांबण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वेलबुट्टीपुरते ते उत्तर कदाचित चालेल. या लेखापुढे ते टिकत नाही. त्यास श्लोक रचणारा पंडित हवा, पंचांग मांडणारा ज्योतिषी हवा, आणि मुख्य म्हणजे किब्ल्याच्या भिंतीत त्यास जागा देणारी राजाज्ञा हवी. पाथरवटाच्या सवयीने असे घडत नाही. शिवाय हा प्रकार एकवारचाही नव्हे. असीरगडावरील याच राजाच्या मशिदीतही संस्कृत लेख आहे.

इ. स. १६०१ मध्ये असीरगड पडला. अकबराच्या विजयाचा लेख याच जामा मशिदीवर कोरविण्यात आला; तो मात्र फारसीत आहे.