रुग्णयादीचा हिशेब : ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या सेवेची पारख

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि जवळजवळ प्रत्येक नागरिकाचे नाव कोणत्या ना कोणत्या फॅमिली डॉक्टरच्या यादीत गेले. डॉक्टर मात्र सरकारी नोकर झाला नाही. दवाखाना त्याचा, जागा त्याची, खर्चही त्याचाच. सरकारकडून त्याला यादीतल्या माणसांच्या संख्येनुसार दरडोई रक्कम मिळे. उपचार मनापासून केले काय किंवा वरवरचे केले काय, उत्पन्नात फारसा फरक पडत नसे. उलट दवाखान्यावर खर्च कमी केला की शिल्लक वाढे.

याचे परिणाम जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने पाहिले. इंग्लंडमधल्या ५५ दवाखान्यांना भेटी देऊन लिहिलेला त्याचा अहवाल मार्च १९५० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. औद्योगिक वस्त्यांतले चित्र सर्वांत वाईट होते. खच्चून भरलेल्या खोल्या, धड तपासणी न होता हातात पडणारी औषधाची चिठ्ठी, अपुऱ्या नोंदी. असले काही दवाखाने लोकांच्या जिवाला धोका आहेत, इतक्या स्पष्ट शब्दांत त्याने निकाल दिला. डॉक्टरमंडळी दुखावली, पण गप्प बसली नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःचे कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स स्थापन केले. १९६६ च्या नव्या करारानुसार जागेचे भाडे आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा सरकार देऊ लागले. दवाखान्यात नर्स आणि कारकून सर्रास दिसू लागले ते त्यानंतर.

जागा सुधारली, माणसे वाढली. पण रुग्ण बरे होतात का, हे कळायला मार्ग नव्हता. १९११ च्या विमा कायद्यानंतर रूढ झालेल्या छोट्या पाकिटांत प्रत्येकाची वैद्यकीय कागदपत्रे ठेवली जात. एका माणसाची माहिती हवी असेल तर पाकीट उघडता येई. यादीत मधुमेही किती, हे सांगायला मात्र सगळी पाकिटे उपसावी लागत.

ही अडचण साऊथ वेल्समधल्या एका खाणगावात निर्धाराने सोडवली गेली. ग्लिनकोरग हे अफान खोऱ्यातले सुमारे दोन हजार वस्तीचे गाव. ज्युलियन ट्यूडर हार्ट तिथे १९६१ मध्ये डॉक्टर म्हणून आला. उच्च रक्तदाबाचा माणूस बहुधा आपण होऊन दवाखान्यात येत नाही, कारण त्याला काही दुखत नसते. तेव्हा आलेल्यांवर उपचार करून भागणार नव्हते. १९६८ पासून हार्टने यादीतल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचे ठरवले. खोकला घेऊन आलेल्याच्या दंडालाही पट्टा बांधला जाई. जे उरले त्यांना निरोप जात. ज्यांचा दाब जास्त निघाला, त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले आणि कोण सुटले याचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला गेला. त्याच्या दवाखान्यातल्या एकूण पंचवीस वर्षांच्या कामाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्लिनकोरगमधले अकाली मृत्यूंचे प्रमाण अशी मोहीम नसलेल्या शेजारच्या गावापेक्षा स्पष्टपणे कमी असल्याचे दिसले. दवाखान्याची गुणवत्ता दारात आलेल्यांवरून नव्हे, तर न आलेल्यांवरून जोखायची, हा या कामाचा गाभा होता. या इतिहासात त्याहून मोलाचे दुसरे काही सापडत नाही.

हार्टनेच १९७१ मध्ये 'व्यस्त सेवेचा नियम' मांडला : जिथे गरज सर्वाधिक, तिथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी. वेल्सच्या खाणपट्ट्यांत आणि इंग्लंडच्या गरीब औद्योगिक वस्त्यांत ब्रिटिश डॉक्टर यायला नाखूश असत. तिथले कितीतरी दवाखाने भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी पुढली काही दशके चालवले.

लोकांचा विश्वास हे मोजमाप पुरेसे नाही, हे हॅरल्ड शिपमनच्या प्रकरणाने भीषण रीतीने दाखवले. हाइड गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरवर रुग्णांचा जीव होता. जानेवारी २००० मध्ये तो पंधरा रुग्णांच्या खुनांत दोषी ठरला. चौकशीत बळींची खरी संख्या दोनशेच्या वर असल्याचे निष्पन्न झाले. तरीही डॉक्टरांच्या परवान्याची नियतकालिक फेरतपासणी सुरू व्हायला २०१२ ची अखेर उजाडली.

दरम्यान १ एप्रिल २००४ पासून सरकारने गुणवत्तेला थेट पैशाशी जोडले. १४६ निकष, १,०५० गुण आणि प्रत्येक गुणामागे रक्कम. संगणकावरच्या नोंदींमुळे हार्टने हाताने केलेली मोजणी आता देशभर शक्य झाली होती. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. दमा आणि मधुमेहाच्या उपचारांत सुधारणेचा वेग काही काळ वाढला, मग मंदावला. ज्या गोष्टींना गुण नव्हते त्यांची काहीशी आबाळ झाली आणि नेहमीचाच डॉक्टर भेटण्याचे प्रमाण घटले. मोजले जाते तेवढेच जपले जाण्याचा धोका खरा ठरला.

स्कॉटलंडने ही पद्धत २०१६ मध्ये बंद केली. इंग्लंडमध्ये ती कमी गुणांनिशी चालू राहिली. तिथे २०१३ पासून केअर क्वालिटी कमिशनही दवाखान्यांची तपासणी करू लागले. गुणपद्धतीच्या पहिल्या तीन वर्षांत श्रीमंत आणि गरीब भागांतल्या दवाखान्यांच्या गुणांमधली तफावत जवळजवळ मिटली. डॉक्टरांच्या संख्येतली मिटली नाही. इंग्लंडच्या गरीब भागांत एका डॉक्टरमागे आजही अधिक रुग्ण असतात.