जुन्या चौकावर नवे छत

वाचकहो, आपल्याकडे एखाद्या जुन्या वास्तूचा प्रश्न निघाला, मग ती शाळा असो, मशीद असो वा वडिलोपार्जित वाडा असो, की बैठकीत हटकून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "वाडवडिलांनी बांधलेले आहे, एका दगडालाही हात लावू नका." दुसरा म्हणतो, "जागा पुरत नाही, पाडा आणि स्लॅबची इमारत उभी करा." या वादात वर्षे निघून जातात आणि पावसाळे मात्र कोणासाठी थांबत नाहीत. हाच प्रश्न पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढे उभा राहिला तेव्हा त्याने कोणता मार्ग काढला, याची हकीकत पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. कारण ज्या वस्तूंसाठी हा सारा खटाटोप झाला, त्या इस्लामी संस्कृतीच्या आहेत.

लूव्र हा मूळचा फ्रान्सच्या राजांचा वाडा. राज्यक्रांतीनंतर, १७९३ साली, तो संग्रहालय म्हणून सामान्य जनतेसाठी खुला झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सम्राट तिसरा नेपोलियन याने त्याचा मोठा विस्तार केला. त्या वेळी नदीच्या बाजूच्या इमारतीत जे चौक निर्माण झाले, त्यांपैकी एकाला व्हिस्कोंती या वास्तुशिल्पज्ञाचे नाव मिळाले. चारही बाजूंनी कोरीव दगडी भिंती आणि वर उघडे आकाश, असा हा चौक होता.

लूव्रमध्ये इस्लामी कलेचा विभाग १८९३ साली सुरू झाला खरा, पण तो दीर्घकाळ दुसऱ्या विभागांच्या आश्रयाने, अपुऱ्या जागेत राहिला. त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला तो २००३ साली. संग्रह तर मोठा. दुसऱ्या एका संग्रहालयाकडून आलेल्या वस्तू धरून सुमारे १८ हजारांचा. मग दालने कोठे काढायची? उत्तर मिळाले, व्हिस्कोंतीच्या चौकात.

आता पाहा, येथे खरी कसोटी होती. चौक बुजवून इमारत बांधली असती तर दीडशे वर्षांच्या भिंती झाकल्या गेल्या असत्या. चौक तसाच ठेवला असता तर वस्तू कोठारातच राहिल्या असत्या. मारियो बेलिनी आणि रूडी रिचिओती या वास्तुशिल्पज्ञांनी मधला रस्ता काढला. जागा वाढवायची ती वर न चढता खाली उतरून, असे त्यांनी ठरविले. जुन्या भिंतींना धक्का न लावता चौकाखाली सुमारे १२ मीटर खोल खोदकाम झाले. त्यात मिळालेल्या नव्या मजल्यामुळे एकंदर ३ हजार चौरस मीटरच्या आसपास जागा हाती आली. हे काम किती जोखमीचे असेल याची कल्पना, भरवस्तीत जुन्या भिंतीला लागून पाया खणणारा कोणताही गवंडी देऊ शकेल.

वर छत घातले ते काचेचे. २,३५० काचेचे त्रिकोण जोडून केलेले, वजनाने सुमारे १३५ टन, आणि तरीही केवळ आठ सडपातळ, किंचित कललेल्या खांबांवर तोललेले. वाऱ्याने फुगलेल्या कापडासारख्या त्याच्या लाटा आहेत. कोणाला त्यात उडता गालिचा दिसला, कोणाला चतुराचा पंख. काचेवर आणि काचेखाली सोनेरी रंगाच्या धातूची जाळी आहे, ती केवळ शोभेची नाही. कडक उजेडाने विणलेले कापड, कागद आणि रंग खराब होतात; जाळी तो उजेड गाळून सौम्य करते. आणि हे छत जुन्या भिंतींवर भार टाकत नाही; त्यांच्यापासून अंतर राखून ते उभे आहे. नव्याने जुन्याचा असा मान राखला.

१८ सप्टेंबर २०१२ रोजी या दालनांचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे १० कोटी युरो. त्याला फ्रेंच सरकारने हातभार लावला, तसाच सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी १ कोटी ७० लाख युरो देऊन आणि मोरोक्को, कुवेत, ओमान, अझरबैजान या देशांनीही लावला. नव्या छताला नावे ठेवणारेही होते. जुन्या भिंतींमध्ये सोनेरी लाट शोभत नाही, असे म्हणण्याचा त्यांना अधिकारच आहे. पण भिंती आजही जशाच्या तशा पाहता येतात, हे त्यांनाही नाकारता येणार नाही.

या छताखाली स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंतच्या सुमारे ३ हजार वस्तू मांडण्यात आल्या. त्यांत इसवी सन ९६८ मध्ये कोर्डोव्याच्या एका राजपुत्रासाठी कोरलेली हस्तिदंती डबी आहे, मोगल काळातील घोड्याच्या मुखाची मूठ असलेला खंजीर आहे. कैरोच्या एका मामलूककालीन दारमंडपाचे सुमारे ३०० दगड शंभर वर्षांहून अधिक काळ सुटे पडून होते. तेही येथे पुन्हा एकमेकांवर चढले.

पण विद्यार्थी मित्रांनो, एका वस्तूची गोष्ट ध्यानात ठेवा. पितळेचे, चांदी-सोन्याचे जडावकाम केलेले एक मोठे पात्र आहे. 'संत लुईचे बाप्तिस्मापात्र' असे त्याला म्हणतात. राजा लुई १२७० मध्ये मरण पावला. पात्र घडले त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, मामलूकांच्या राज्यात. म्हणजे नावच चुकीचे! १६०६ मध्ये तेराव्या लुईचा आणि १८५६ मध्ये त्याच तिसऱ्या नेपोलियनच्या मुलाचा बाप्तिस्मा या पात्रातून झाला. राजांचे नाव पात्राला चिकटले, पण ज्याने ते घडविले त्या कारागिराने आपले नाव त्यावर सहा ठिकाणी कोरून ठेवले होते, मुहम्मद इब्न अल-झैन. त्याने नाव लिहिले म्हणून आज आपण ते घेऊ शकतो.

आणि आपल्या घरी? माळ्यावरच्या पेटीत मोडी वा फारसी कागद असतील, आजीचे तांब्याचे भांडे असेल, एखादी जुनी सनद असेल. ती कोणाची, कोठली, केव्हाची, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. पालकांनी सांगावे, मुलांनी तारीख घालून वहीत उतरवावे. त्याला दहा कोटी युरो लागत नाहीत. एक वही आणि एक संध्याकाळ पुरते. काचेचे छत ज्याला जमेल तो घालील. छताखाली काय ठेवले आहे हे ठाऊक असणे मात्र आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.