तळ्यांतला गणपति

पुण्यांत पर्वतीच्या पायथ्याशीं सारसबागेकडे निघालेल्या जुन्या पुणेकरास ‘कोणीकडे?’ म्हणून विचारिलें, तर ‘तळ्यांतल्या गणपतीला’ असें उत्तर तो सहज देतो. वस्तुतः तेथें आज तळें नाहीं. हिरवळ आहे, फुलझाडें आहेत, सायंकाळीं मुलांची धांवपळ आणि बाहेर भेळेच्या गाड्यांवर गर्दी आहे. पाणी गेलें, परंतु भाषेनें तें जपून ठेविलें.

पर्वतीवरील देवदेवेश्वराचें मंदिर नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ च्या सुमारास उभारिलें. शहरास पाणी मिळावें म्हणून कात्रज येथें तलाव बांधून तेथून नळानें पाणी आणण्याचें कामहि त्यांच्याच कारकीर्दींतलें. कात्रजच्या बाजूनें येणारा आंबील ओढा पर्वतीजवळ अडवून तेथें तळें करण्यांत आलें आणि त्याच्या मध्यभागीं एक बेट राखण्यांत आलें. १७६१ च्या जून महिन्यांत, पानिपतच्या आघातानें खचलेल्या नानासाहेबांनीं पर्वतीवरच देह ठेविला. पुढें १७८४ मध्यें सवाई माधवरावांनीं त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. पेशवे या तळ्यांत नौकाविहार करीत, व नाव वल्हविणारे हबशी असल्यामुळें मराठींतील खलबतें त्यांस उमगत नसत, अशी एक आख्यायिका आहे. तिचें खरेंखोटें कसेंहि असो. विश्रांति आणि राज्यकारभार हीं दोन्हीं एकाच नावेंत बसत, अशी लोकांची समजूत तींतून दिसते खरी.

राज्य गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचें धरण झालें व कात्रजच्या पाण्याचें महत्त्व ओसरलें. पर्वतीचें तळेंहि कालांतरानें नाहींसें झालें. त्याच्या जागीं १९५३ मध्यें महानगरपालिकेनें पेशवे उद्यान केलें. शेजारीं सारसबाग झाली. उद्यानांतील प्राण्यांसाठीं १९९९ मध्यें नवें संग्रहालय झालें, तें नेमकें कात्रजच्या तळ्याकांठीं! पाणी जेथून आलें होतें तेथेंच प्राणी गेले.

या स्थित्यंतराबद्दल केवळ हळहळणें न्यायाचें होणार नाहीं. तळ्यांतील नौकाविहार श्रीमंतांचा होता. बागेंतील हिरवळ सर्वांची आहे. दिवसभर राबून आलेला मनुष्य तेथें मुलाबाळांसह घटकाभर बसतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु तळें म्हणजे निव्वळ शोभा नव्हती. ओढ्याच्या पाण्यास थांबावयास तेथें जागा होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यास अकस्मात् पूर आला, कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें आणि अनेक माणसें प्राणांस मुकलीं. पेशव्यांचें तळें असतें तर हा अनर्थ टळता, असें म्हणणें धाडसाचें होईल. पण ओढा वाहतो हेंच शहर विसरलें होतें, इतकें म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

नगररचना करणारांनीं यांतून एवढेंच घ्यावें कीं, नगरवासीयांच्या विसाव्याची जागा आणि पाण्याच्या विसाव्याची जागा या परस्परविरोधी नाहींत. आपल्या पूर्वजांनीं त्या एकत्र बसविल्या होत्या. आज उरलेल्या तळ्यांचे कांठ रक्षितांना तितका विवेक दाखविला, तर पुढील पिढीस केवळ नांवांतच पाणी शोधावें लागणार नाहीं.